अनुदान ५० रुपयांचं, पोट रोजचं : जखमी जनावरं सांभाळणाऱ्या केंद्रांचा हिशेब का जुळत नाही?

देवळी : नागपूर–तुळजापूर महामार्ग देवळी तालुक्यातून जातो. रस्ता रुंद झाला, गाड्यांचा वेग वाढला आणि रस्त्यावर बसलेल्या गाईगुरांना, कुत्र्यांना, रात्री रस्ता ओलांडणाऱ्या रोह्यांना ठोकर बसणं नेहमीचं झालं. गावातलं कुणी फोन करतं, कुणी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकतं. पोलीस कधी दाटीवाटीनं जनावरं भरलेला ट्रक पकडतात. गावकऱ्यांच्या लेखी इथं गोष्ट संपते, कारण जनावर 'केंद्रात नेलं'. केंद्राचा खर्च तिथूनच सुरू होतो आणि तो पुढं किती वर्षं चालेल, हे त्या दिवशी कुणालाच माहीत नसतं.

वर्धा जिल्ह्यात अशा जनावरांसाठी पहिलं नाव येतं ते पिपरी (मेघे) इथल्या करुणाश्रमाचं. पीपल फॉर अ‍ॅनिमल्स या संस्थेच्या वर्धा शाखेचं हे केंद्र आहे. पाळीव जनावरांसोबत जखमी आणि अनाथ वन्यप्राणीही तिथं येतात. देवळीहून ते जवळ पडतं. त्यापलीकडची मोठी सोय म्हणजे नागपूर. सेमिनरी हिल्सचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आणि गोरेवाड्याचं बचाव केंद्र तिथं आहे. पण ती सोय वन्यप्राण्यांसाठी, आणि वर्ध्यापासूनच पाऊणशे किलोमीटर दूर. मोडक्या पायाच्या गाईला घेऊन तिथं कोण जाणार? म्हणून जवळचं केंद्र तग धरून राहणं हा देवळी, पुलगाव, भिडीच्या लोकांचाही प्रश्न आहे.

शंभर जनावरांचा रोजचा खर्च

आधी आकडे बघू. हा हिशेब कुठल्या एका केंद्राच्या वहीतला नाही, ढोबळ आहे. वाचणाऱ्यानं आपल्या गावचे भाव घालून तो पुन्हा करून पाहावा.

जनावराला रोज वजनाच्या अडीच टक्क्यांच्या आसपास कोरडा चारा लागतो. ३०० किलोच्या गाईला तो साडेसात किलो होतो. शंभर जनावरं असतील तर रोज साडेसात क्विंटल आणि वर्षाला पावणेतीनशे टन. सोयाबीनचं कुटार पोचवून किलोला ५ रुपये पडलं असं धरलं, तर दिवसाला ३,७५० रुपये. शेण काढायला, चारा टाकायला, पाणी पाजायला चार माणसं लागतात. ४०० रुपये रोजानं त्यांचे १,६०० रुपये. झाले ५,३५० रुपये. यात ढेप नाही, हिरवा चारा नाही, डॉक्टर नाही, औषधं नाहीत, वीजबिल नाही, गाडीचं डिझेल नाही. नुसत्या कुटारावर जखमी जनावर उभं राहत नाही, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायची गरज नाही.

आता आवक. राज्य मंत्रिमंडळानं ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' म्हटलं आणि त्याच दिवशी गोशाळांमधल्या देशी गाईंसाठी दिवसाला ५० रुपये अनुदान देण्याचा निर्णय घेतला. अनुदान महाराष्ट्र गोसेवा आयोगामार्फत मिळतं. संस्था आयोगाकडे नोंदलेली हवी, जनावराच्या कानात टॅग हवा. २०१९ च्या पशुगणनेत राज्यातल्या देशी गाईंची संख्या ४६ लाखांवर आली होती, आधीच्या गणनेपेक्षा २० टक्क्यांहून जास्त घट. सरकारनं निर्णयामागं हेच कारण दिलं होतं. योजना चांगली आहे, नाकारण्यासारखं काही नाही. पण ती देशी गाई जगवायची योजना आहे, जखमी जनावरं सांभाळायची नाही. अपघातात सापडलेलं जनावर जात बघून येत नाही. संकरित गाय, म्हैस, गाढव, कुत्रा, माकड यांना ५० रुपयांत वाटा नाही.

समजा शंभरातली ६० जनावरं अनुदानात बसली. मिळाले ३,००० रुपये. वर २,३५० रुपयांची रोजची तूट, महिन्याला ७० हजार. अनुदान वेळेवर येईल असं धरूनच हा आकडा आहे. ते हप्त्यांनी येतं, आणि मधल्या काळात चारावाला उधारीवर किती दिवस थांबतो यावर सगळं अवलंबून राहतं. जनावराला मात्र सकाळ-संध्याकाळ खायला लागतं.

खर्च ज्याच्यावर बसायला हवा तो बाहेर

सर्वात मोठी गळती दुसरीकडेच आहे, आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

पोलिसांनी पकडलेली जनावरं कायद्याच्या भाषेत मुद्देमाल असतात. खटला चालेपर्यंत ती केंद्रात राहतात. त्यांचा खर्च कुणी द्यायचा, हे २०१७ च्या केंद्राच्या नियमांत स्पष्ट आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा १९६० खालचे हे नियम सांगतात की वाहतूक, उपचार आणि सांभाळ याचा खर्च आरोपी आणि मालकाकडून घ्यावा, त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांनी जामीनदारासह बंधपत्र लिहून घ्यावं. ट्रकमधून जनावरं नेत असतील तर गाडीमालक, पाठवणारा आणि घेणारा असे सगळे मिळून जबाबदार. व्यापाऱ्यांच्या संघटनेनं या नियमांना सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. गुन्हा सिद्ध होण्याआधीच जनावर आणि रोजी हातची जाते, ही त्यांची तक्रार होती. त्या तक्रारीत तथ्य नाही असं म्हणता येणार नाही. तरी खर्चाचा प्रश्न उरतोच. जनावर शेवटी कुणालाही मिळो, मधल्या काळात त्याला खाऊ घातलं कुणी?

कागदावरचा नियम आपोआप लागू होत नाही. संस्थेला सरकारी वकिलामार्फत अर्ज करावा लागतो, रोजचा खर्च, डॉक्टरचा दाखला, फोटो, टॅग नंबर दाखवावे लागतात. तेही पहिल्या एक-दोन तारखांना. ट्रक रात्री दोन वाजता उतरवून घेतलेल्या केंद्रात सकाळी प्रत्येक जनावराची नोंद करायला माणूस नसतो. नोंद नसली की न्यायालयात आकडा नाही आणि आकडा नसला की वसुली नाही. मग जनावर दोन वर्षं केंद्रात आणि खर्च देणगीदारांच्या माथी. ज्या संस्थेकडे पडून राहायला जागा नाही अशा जनावरांइतकाच एक चांगला कारकूनही असतो, तिचं गाडं त्यामानानं बरं चालतं. देणगीदारांना हे पटवणं मात्र कठीण. कारकुनाच्या पगाराला कोण दान देतं?

जुन्या गावगाड्यात याची सोय होती. कोंडवाडा. १८७१ च्या कायद्यानं मोकाट जनावर कोंडवाड्यात घालता येई, आणि मालकाला दंड व चाऱ्याचे पैसे भरूनच ते सोडवून न्यावं लागे. खर्च मालकावर बसत होता. आज बहुतेक गावांतल्या कोंडवाड्यांच्या भिंती पडल्यात. आता कानातल्या बारा आकडी टॅगवरून मालक सापडू शकतो, आणि १ जून २०२४ पासून राज्यात टॅग नसलेल्या जनावराची खरेदी-विक्रीही बंद आहे. पण सोडून द्यायच्या जनावराचा टॅग आधी कापला जातो, हे कुणापासून लपलेलं नाही.

सोडतो कोण आणि का?

इथं शेतकऱ्याला झोडपून काही साधत नाही. मार्च २०१५ पासून राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. ट्रॅक्टरनं बैलाचं काम घेतलं. म्हातारा बैल विकत घेणारा राहिला नाही, आणि त्याला खाऊ घालायची ऐपत घरात नाही. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याखाली विकावं लागलं. अशा वर्षी घरचा खर्च भागेना, तिथं दावणीचं निकामी जनावर आधी सुटतं. पोळ्याला बेगड लावून सजवलेल्या बैलाची ही दुसरी बाजू आहे.

केंद्रांची खरी पंचाईत अशी की गावाकडं पैसा आटतो त्याच वर्षी सोडलेली जनावरं वाढतात आणि देणग्याही त्याच वर्षी कमी होतात. आवक आणि खर्च एकाच वेळी उलट्या दिशेला जातात. २०२० च्या टाळेबंदीत हेच झालं, २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हाही. लम्पीत तर आजारी जनावर वेगळं ठेवायला जागाही लागत होती.

वर्ध्याला हा प्रश्न नवा नाही. जमनालाल बजाज यांनी आयुष्याचे शेवटचे महिने गोपुरीत राहून गोसेवेला दिले. गोसेवा संघ १९४१ मध्ये इथंच उभा राहिला. गांधीजींचं पांजरपोळांबद्दलचं म्हणणं भावनेपेक्षा हिशेबाचं होतं. नुसत्या दानावर निकामी जनावरं पोसणारी संस्था टिकत नाही, तिला दुग्धालय जोडा, चांगली पैदास जोडा, मेलेल्या जनावराच्या कातड्याचाही नीट उपयोग करा, असं ते सांगत. वर्ध्याजवळ नालवाडीत चर्मालय त्याच विचारातून चाललं. आजच्या गोशाळा गांडूळखत, शेणाच्या पणत्या, गोमूत्र अर्क विकतात ते त्याच वाटेवरचं. गवळाऊ ही तर वर्ध्याचीच जात. तिच्या पैदाशीतून गोशाळेला थोडा आधार होऊ शकतो. पण ही वाट जखमी जनावरांच्या केंद्राला पुरी लागू पडत नाही. कंबर मोडलेल्या कुत्र्यापासून विकायला काही मिळत नाही. बिबट्याचे बछडे तिकीट लावून दाखवायचे, तर केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तेही करता येत नाही.

देणगी येते, पण कशाला?

देणारे बरेच आहेत. पण बहुतेकांना शेड बांधून द्यायला आवडतं, कारण शेडवर आई-वडिलांच्या नावाची पाटी लागते. कुटाराच्या गंजीवर पाटी लावता येत नाही. वाढदिवसाला, पितृपक्षात लोक पोळ्या, भात, गूळ घेऊन येतात आणि फोटो काढून जातात. शिळ्या पोळ्या-भाताचा ढीग एकदम पोटात गेला की गाईचं पोट बिघडतं, आम्ल वाढतं, जनावर दगावतंही. केंद्राला त्या दिवशी दान मिळतं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरचं बिल.

करसवलतीचा आधारही पातळ झालाय. ८०जी खाली देणगीवर सूट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. २०२३-२४ पासून नवी पद्धत आपोआप लागू होते आणि तिच्यात ही सूट नाही. पगारदार माणसाचा मार्चमधला चेक त्यामुळे कमी झाला तर नवल नाही. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला तर जुन्या पद्धतीतही सूट नाही. परदेशी पैशाचे नियम २०२० मध्ये कडक झाले, खातं दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत उघडावं लागतं. कंपन्यांचा सीएसआर निधी प्राणिकल्याणाला देता येतो, कायद्याच्या यादीत ते नाव आहे. पण कंपनीला एका वर्षात दाखवता येईल असं काम हवं असतं. रुग्णवाहिका मिळते. तिचा ड्रायव्हर आणि डिझेल तिसऱ्या वर्षी कोण देणार, हे करारात नसतं.

वरच्या हिशेबातली ७० हजारांची तूट भरायला महिन्याला १०० रुपये न चुकता देणारी सातशे माणसं लागतात. एका मोठ्या देणगीदारापेक्षा ही सातशे माणसं केंद्राला जास्त उपयोगी, कारण त्यातली पन्नास गळाली तरी गाडं थांबत नाही. मोठा दाता गेला की सगळंच थांबतं. दुसरी अवघड गोष्ट म्हणजे 'जागा नाही' म्हणता येणं. शंभराच्या जागेत दीडशे घेतली की रोग पसरतो आणि आधीची शंभरही धोक्यात येतात. नकार दिल्यावर व्हिडिओ व्हायरल होतो, शिव्या पडतात, म्हणून केंद्रं नाही म्हणत नाहीत आणि बुडतात.

तालुक्याच्या हातात असलेली गोष्ट चाऱ्याची आहे. ज्वारी गेली तसा कडबा गेला. सोयाबीनचं कुटार मात्र दर हंगामात निघतं. एकरी पाच क्विंटल धान्य झालं तर जवळपास तेवढंच कुटार धरता येतं, म्हणजे शंभर जनावरांच्या वर्षाच्या पोटाला साधारण साडेपाचशे एकरांचं. ते कुठं पेटवलं जातं, कुठं हार्वेस्टरमागं वावरात पसरून पावसात सडतं. अडचण कुटाराची नाही, वाहतुकीची आहे. हलका माल, ट्रॉली भरते पण वजन भरत नाही, आणि भाडं मालाच्या किमतीइतकं होतं. दहा-बारा शेतकऱ्यांचं कुटार एका जागी गोळा झालं, ग्रामपंचायतीनं एक शेड दिली आणि केंद्राची गाडी एकाच खेपेला आली, तर भाडं परवडतं. मळणी सुरू व्हायच्या आधी, दसऱ्याच्या सुमारास, हे बोलणं व्हायला हवं. दिवाळीनंतर वावर रिकामं झालेलं असतं.

जखमी पाळीव जनावरासाठी पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या दवाखान्याचा क्रमांक १९६२ आहे, वन्यप्राण्यासाठी वनविभागाचा १९२६. जखमी रोही किंवा मोर घरी आणून ठेवणं कायद्यात बसत नाही. पाळीव जनावर केंद्रात पोचवताना कानातल्या टॅगचा नंबर फोटोत स्पष्ट दिसेल असा काढून सोबत द्यावा. मालक शोधायचा असो की न्यायालयात खर्च मागायचा असो, केंद्राला पहिल्यांदा तोच लागतो.