तेराव्या वर्षी लिफ्टचे बिल कोण भरणार?





वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, याचा आनंद आमच्या बेलापुरातही झाला (प्रवरेकाठच्या, सिडकोच्या नव्हे). १६० चौरस फुटांची खोली आणि सामाईक संडासाची रांग यांत पिढ्या गेलेल्यांना ५०० चौरस फुटांचे घर मिळाले, यात वाद नाही. वाद पुढचा आहे.

जुनी चाळ तळमजला अधिक तीन मजल्यांची होती, नवा टॉवर ४० मजल्यांचा. चाळीला लिफ्ट नव्हती आणि तिच्यावाचून कुणाचे अडलेही नाही. टॉवरमध्ये लिफ्ट, पंप आणि आग विझवण्याची यंत्रणा ही चैन नसून त्यांच्यावाचून तिथे राहताच येत नाही.

माझी थोरली बहीण मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत चौदाव्या मजल्यावर राहते. दोन लिफ्टपैकी एक कायमची बंद, दुसरीची खात्री नाही. गुडघे धरलेले असल्याने औषध आणायलाही ती नातू शाळेतून येण्याची वाट बघते. दुरुस्तीची वर्गणी काढू म्हटले की पहिल्या मजल्यावरचे विचारतात, आम्हाला लिफ्ट लागतेच कुठे? त्यांचे चुकते असेही म्हणवत नाही.

झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत विकासकाकडून दर घरामागे देखभालीसाठी ठेव घेतात. सुरुवातीला ती २० हजार होती, पुढे ४० हजार झाली. सहा टक्के व्याज धरले तर ४० हजारांचे महिन्याला २०० रुपये सुटतात. त्यात जिन्यातला दिवा, झाडलोट, टाकीची सफाई, पंपाची वीज आणि वर लिफ्टही बसवायची!

'घर फुकट मिळाले, आता देखभालही फुकट हवी का?' हे शहरात ऐकू येते, आमच्या पारावरही. पण एवढी उंची रहिवाशांनी मागितली होती का? पुनर्वसनाची घरे उभी रचली की खालची जमीन विक्रीच्या टॉवरसाठी मोकळी होते. सगळी योजना त्याच पैशावर चालते. म्हणजे उंचीचा नफा एकाचा आणि उंचीचा खर्च दुसऱ्याचा. आमच्याकडे घरकुलवाल्याला सरकार अनुदान देते. पुढे पत्रा गळला तर तो स्वतः वर चढतो. त्याच्याकडून कुणी लिफ्टची अपेक्षा करत नाही, कारण त्याला कुणी आकाशात नेऊन ठेवलेले नाही.

सिंगापूरमध्ये बहुसंख्य लोक सरकारी उंच इमारतींतच राहतात. तिथल्या नगर परिषदा दरमहा शुल्क घेतात आणि त्यातला ठरावीक हिस्सा मोठ्या दुरुस्त्यांसाठी कायद्याने वेगळा ठेवावा लागतो. लिफ्ट बदलण्यासाठी तर स्वतंत्र निधी आहे. रहिवासी पैसे भरतात, पण कुणाला वर्गणी गोळा करत दारोदार फिरावे लागत नाही.

बीडीडीच्या इमारतींची १२ वर्षे विनामूल्य देखभाल होणार आहे. चांगलेच आहे. पण यंत्रांची मोठी दुरुस्ती निघते ती पुढे, इमारत जुनी झाल्यावर. म्हणून विक्रीच्या प्रत्येक सदनिकेच्या किमतीतला ठरावीक वाटा फक्त लिफ्ट, पंप आणि अग्निसुरक्षेसाठी कुलूपबंद ठेवावा, त्याचा हिशेब दरवर्षी इमारतीच्या फलकावर लावावा. आणि हे पुढच्या चाव्या वाटण्याआधी लेखी ठरावे.

— एक वाचक, बेलापूर, ता. श्रीरामपूर, जि. अहिल्यानगर