शाळा पडकी असेल, पण जागा सोन्याची आहे!

मंडळी, गावच्या शाळेची इमारत धोकादायक ठरली आणि मुलांना ‘तात्पुरतं’ शेजारच्या गावात बसवलं, की बातमीदाराचे कान टवकारतात. आपल्याकडे तात्पुरतं म्हणजे नेमकं किती दिवस, हे कुणीच लिहून देत नाही. आणि अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात रिकाम्या जागेला आज काय भाव चाललाय, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

म्हणून आधी हिशेब बघा. गावची शाळा उभी कुणाच्या पैशावर राहिली?

1860 च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड सुरू झाला. त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणासाठी होता. म्हणजे ज्या कुणब्या-आगऱ्याला स्वतःची सही येत नव्हती, त्याच्याही भातातून शाळेचा पैसा जात होता. शाळा सरकारने फुकटात दिली, हा समज आधी डोक्यातून काढा.

इमारती बदलत गेल्या. कुठे देवळाच्या ओसरीत वर्ग भरला, कुठे चावडीत, कुठे कुणाच्या पडवीत. मग कौलारू खोली आली. 1923 च्या कायद्यानंतर शाळा स्कूल बोर्डाची झाली, 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदेची. 1987 च्या खडू-फळा मोहिमेने शाळेला किमान दोन खोल्या आणि दोन शिक्षक हवेत असं ठरवलं. पुढे सर्व शिक्षा अभियानात स्लॅबच्या खोल्या आल्या. पाटी बदलली, छप्पर बदललं, पण छप्पर नाही म्हणून शाळाच नको, असं ओसरीत बसणाऱ्या पिढीनेही म्हटलं नाही.

शेजारचं उल्हासनगर बघा. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत येऊन पडले. घर गेलं, गाव गेलं, तरी त्यांनी बराकीत पोरांचे वर्ग भरवले. इमारतीची वाट बघत बसले नाहीत.

आज उलटं चाललंय. आधी डागडुजी करायची नाही. मग स्लॅब गळतो. मग निर्लेखनाचा कागद. मग एकच शिक्षक चार वर्ग सांभाळतो. मग पालक पोटाला चिमटा काढून खासगी शाळेची व्हॅन लावतात. आणि शेवटी साहेब म्हणतात, ‘पटच नाही हो!’ अहो, पट आपोआप नाही घसरला, तुम्ही घसरवलात.

2023 मध्ये 20 किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. राज्यात अशा 14 हजार 783 शाळा होत्या. कागदावर सोपं आहे, चार शाळा मोडा आणि एक मोठी करा. पण भोज, कोंडेश्वरच्या बाजूच्या वाड्यांवर जुलैत एकदा जाऊन या. ओढा भरला की मोठी माणसं थांबतात, तिथून सहा वर्षांचं पोर रोज कसं जाणार? शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असं लिहिलंय, ते उगाच नाही.

‘छोटी शाळा चालतच नाही’ म्हणणाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात जावं. जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा तीन मुलांवर आली होती. दत्तात्रय वारे गुरुजी आले, गाव पाठीशी उभं राहिलं, पट शंभरावर गेला. 2025 मध्ये जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या स्पर्धेत त्या शाळेने लोकांच्या पसंतीचा पुरस्कार घेतला. पट तीन असताना ती शाळा मोडली असती तर?

सगळ्या शाळांना वारे गुरुजी मिळणार नाहीत, मान्य. पण न गळणारं छप्पर, पाणी आणि मुलींसाठी वेगळं शौचालय यासाठी कुणी थोर माणूस लागत नाही. हे तर कायद्याच्या परिशिष्टातच आहे.

आता काम आपलं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण निम्म्या महिला. ती समिती फक्त सह्यांपुरती आहे का, ते बघा. शाळेच्या जागेचा उतारा काढा, त्यावर नाव कुणाचं आहे ते वाचा. बक्षीसपत्र असेल तर त्याची प्रत घ्या. इमारत पाडणार असतील तर नवीन इमारतीची मंजुरी, निधी आणि मुदत आधी लेखी मागा. आणि ग्रामसभेत ठराव करा की शाळेची जागा शाळेलाच राहील, दुसऱ्या कशालाही नाही.

तोंडी आश्वासनावर पोरांना हलवू देऊ नका. एकदा वर्ग उठला, दाराला कुलूप लागलं, की त्या जागेवर कुणाचा बोर्ड लागतो, ते कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

तुमच्या गावच्या शाळेची आज काय अवस्था आहे? फोटो टाका, गावाचं नाव लिहा. आपण एकेक शाळा धसास लावू.