वडील कशानं गेले?

विम्याच्या अर्जात आईवडील आणि भावंडांचा एक तक्ता असतो. हयात असतील तर वय आणि तब्येत, नसतील तर मृत्यूसमयीचं वय आणि कारण. सांगली-मिरज पट्ट्यात आयुर्विम्याचा एजंट म्हणून फिरताना माझं पेन सगळ्यात जास्त अडतं ते इथं. उत्पन्नाचा आकडा लोक धडाधड सांगतात, खरा असो-नसो. वडिलांचं विचारलं की उत्तर येतं, "म्हातारपणानं गेले." वय? "चोपन्न." चोपन्नाव्या वर्षी कसलं आलंय म्हातारपण! सांगणारा स्वतः पन्नाशीला टेकलेला असतो. मला फसवायचा त्याचा इरादा नसतो. बापाचं वय आणि 'हार्ट अटॅक' हे शब्द एका ओळीत लिहिले की त्याला पुढची ओळ आपली दिसायला लागते.

मी त्याला समजावतो, लपवू नका. पॉलिसी सुरू झाल्यापासून पहिल्या तीन वर्षांत कंपनी अशा लपवलेल्या माहितीवर बोट ठेवू शकते. पण 'पहिल्या तीन वर्षांत' म्हणणं म्हणजे त्याला तीन वर्षांत मारल्यासारखंच होतं. तोवर चहा आलेला असतो. "साहेबांचं काही बरंवाईट झालं, तर वहिनी..." इतकं बोलेपर्यंत वहिनी कपबश्या ठेवून आत निघून जातात आणि देवघराकडून सासूबाईंचा आवाज येतो, "शुभ बोला हो. वास्तू तथास्तु म्हणत असते."

यावर हसणाऱ्यांनी जरा थांबावं. जेन रायझन आणि थॉमस गिलोविच या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये नेमक्या याच वृत्तीवर प्रयोग प्रसिद्ध केले. नशिबाला डिवचलं की वाईट घडतं, असं दैव न मानणाऱ्या माणसालाही आतून वाटत राहतं. कारण तसं साधंच आहे. नकोशी गोष्ट उच्चारली की तिचं चित्र झटकन डोळ्यांपुढे येतं, आणि जे झटकन दिसतं ते घडेलसं मन धरून चालतं. त्याच वर्षी ओरित टिकोचिन्स्की या इस्रायली संशोधिकेनं दुसरी बाजू दाखवली. आपल्याकडे विमा आहे याची नुसती आठवण करून दिली, तरी माणसाला संकट आपल्यापासून लांब आहे असं वाटतं. छत्री घेऊन निघालं की पाऊस पडत नाही, तसंच. म्हणजे सही करायच्या आधी जो कागद अपशकुनी असतो, तोच सही झाल्यावर ताईत होतो! सासूबाई आणि मानसशास्त्र यांच्यात फारसं भांडण नाही.

माझं म्हणणं असं की, मरणाच्या भीतीचा मोठा हिस्सा मरणाचा नसतोच, तो मरणाबद्दल बोलण्याचा असतो. आणि हा हिस्सा कमी करता येतो.

आमच्या धंद्यानं मात्र तो जपून ठेवलाय. पॉलिसीच्या नावांत 'जीवन' हा शब्द किती वेळा येतो बघा. शुद्ध मुदत विमा, म्हणजे टर्म प्लॅन, समजावला की मार्केट यार्डातला हळदीचा अडत्याही, ज्याला व्याजाचा हिशेब तोंडपाठ असतो, विचारतो, "आणि काही झालं नाही तर? पैसे बुडाले?" काही झालं नाही म्हणजे तो जिवंत राहिला, ही गोष्ट त्याच्या हिशेबात तोट्याच्या बाजूला जाते. मग तो मनी-बॅक घेतो. मुलीच्या लग्नाला इतके, निवृत्तीला इतके. मरणाचं कलम कुठंतरी मागच्या पानावर. संरक्षण तुटपुंजं, हप्ता घसघशीत, आणि एजंटाचं कमिशनही हप्त्यावरच. त्यामुळे त्याचं मत बदलायची घाई कोणालाच नसते.

हे आपलंच वैशिष्ट्य आहे, असंही नाही. व्हिव्हियाना झेलिझर यांनी 1979 च्या पुस्तकात एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेची अशीच हकीकत मांडली आहे. नवऱ्याच्या जिवावर पैसे लावणं तिथल्या लोकांना पाप वाटायचं, आणि ज्यांचा फायदा त्या बायकाच विरोधात असायच्या. पुढे कंपन्यांनी विमा हे कर्त्या माणसाचं धर्मकर्तव्य असल्याचं सांगायला सुरुवात केली. आपल्याकडे ते काम आयकराच्या 80 सी कलमानं केलं. मार्चमध्ये लोक मरणाचा कागद करबचतीचा कागद म्हणून सही करत आले. आता नव्या करप्रणालीत ती वजावट नाही, तेव्हा तोही पडदा गेला.

2021 च्या एप्रिल-मे महिन्यांत, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, मला पडद्याची गरज पडली नव्हती. लोक स्वतःहून फोन करून टर्म प्लॅन मागत होते, वडिलांचं कारणही न अडखळता सांगत होते. गल्लीत रोज रुग्णवाहिका येत होती, त्यामुळे बोलून काही ओढवेल ही भीतीच उरली नव्हती. त्यातल्या बऱ्याच पॉलिसी पुढे हप्ते न भरल्यानं बंद पडल्या.

गंमत म्हणजे मेलेल्यांशी आपलं छान जमतं. कावळा शिवेपर्यंत आपण त्याला हवं ते कबूल करतो. पितृपक्षात तर पंधरा दिवस घरोघर गेलेल्यांच्या आवडीनिवडी निघतात. पण त्याच पंधरवड्यात माझ्या फॉर्मवर कोणी सही करत नाही. "घटस्थापनेनंतर या," म्हणतात. खरं तर भजी-वडे तळले जात असताना, सगळी भावंडं एकत्र असताना, विषय निघालेलाच असतो. नॉमिनी कोण, कागद कुठल्या कपाटात, हे तेव्हाच सांगून टाकावं.

याहून सोपी एक गोष्ट सरकारनं करावी. पंतप्रधान जीवनज्योती विमा योजनेत 2022 पासून वर्षाला 436 रुपये बँक खात्यातून आपोआप कापले जातात आणि पंचावन्न वर्षांपर्यंत दोन लाखांचं संरक्षण मिळतं. संदेश जातो खातेदाराच्या फोनवर, म्हणजे ज्याच्या पश्चात पैसे मिळायचे त्याच्याच. मी दिवसकार्य झालेल्या घरी जातो तेव्हा आधी पासबुक मागतो आणि मे महिन्याच्या नोंदी बघतो. तिथं 436 सापडले की घरातल्या बाईंना सांगावं लागतं की हे कशाचे होते. त्यांना कोणी बोललेलंच नसतं. तो संदेश दरवर्षी नॉमिनीच्या फोनवरही गेला पाहिजे. हे एका मेळाव्यात मांडलं, तर एक गृहस्थ म्हणाले, "अहो, मग बायको विचारेल ना, कशाचे पैसे म्हणून?"

विचारू दे की.