धावपट्टी आणि आपला ऊस



गटसभेला गेलो की हल्ली विचारणा होते, "साहेब, उद्योगपतींच्या छोट्या विमानांसाठी आपल्याकडं विमानतळ झाला तर बरं का वाईट?" आम्ही विमानातले जाणकार नव्हे; पण जमिनीचा हिशेब आम्हांस कळतो. २ किलोमीटर लांब व १५० मीटर रुंद पट्टा म्हणजे ३० हेक्टर, सुमारे ७५ एकर. एकरी ४० टन धरला तरी ३,००० टन ऊस गेला! भोवतालच्या झाडांना, चिमणीला उंचीचं बंधन येतं ते वेगळंच.

इंग्लंडात फार्नबरो येथे असा विमानतळ २००३ पासून चालतो. पण तो सरकारी संशोधनाच्या जुन्या विमानतळावर झाला, बागायत मोडून नव्हे. शिवाय वर्षाकाठी विमानांनी किती वेळा उतरावं-उडावं, हे परवानगीतच बांधून दिलेलं; २०११ साली ती मर्यादा ५०,००० झाली.

आमचा विमानतळास विरोध नाही. मात्र आधी पडीक जागा बघावी, अटी कागदावर याव्यात, मगच सही करावी. बागायत एकदा डांबराखाली गेली की तिला खोडवा फुटत नाही!