पाण्याला वाट देणारा

बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात जेडचा एक डोंगर उभा आहे. उंची २२४ सेंटिमीटर, वजन पाच टनांहून अधिक. शिनजियांगच्या पर्वतांतून आणलेली ही अखंड शिळा छियेनलोंग सम्राटाच्या आज्ञेने यांगचौच्या कारागिरांनी घडविली. १७८७ मध्ये काम पूर्ण झाले. जेड छिन्नीने कोरता येत नाही. त्याहून कठीण वाळू पाण्यासह घासून ते कणाकणाने झिजवावे लागते. त्यामुळे या एका शिल्पास कित्येक वर्षे लागली.

शिल्पावर कथा आहे ती यूची. कडे, धबधबे आणि वृक्ष यांच्यामधून माणसांचे जथे डोंगर फोडताना दिसतात. प्राचीन चीनमध्ये महापूर आला तेव्हा यूचा पिता गुन याने नऊ वर्षे बांध घातले. पण पूर आटोक्यात आला नाही आणि गुनला कठोर शिक्षा झाली. तेच काम पुत्राकडे आले. यूने पाणी अडविण्याऐवजी नद्यांची पात्रे खोल केली, डोंगरांतून मार्ग काढले आणि पूर समुद्राकडे नेला. त्या तेरा वर्षांत तो स्वतःच्या दारावरून तीनदा गेला, पण आत शिरला नाही, असे परंपरा सांगते. पुढे तोच राजा झाला.

आपल्या कर्मसिद्धांतातील उपशम आणि क्षय यांचा भेद येथे आठवतो. शास्त्रकार निवळीचा दृष्टांत देतात. निवळीने गाळ तळाशी बसतो, पाणी स्वच्छ दिसते; भांडे हलताच ते पुन्हा गढूळ होते. म्हणूनच उपशमश्रेणीने चढलेला जीव अकराव्या गुणस्थानावरून खाली येतो. क्षपकश्रेणीवाल्याला हे भय नाही; त्याने मोहाचा गाळच काढून टाकलेला असतो.

आपल्या घरांतही असे बांध असतात. पेढीच्या हिशेबावरून दोन भावांत अढी पडते. घराची शोभा जाऊ नये म्हणून कोणी बोलत नाही. सणावारी पंगती एकत्र बसतात आणि वाटणीच्या दिवशी सारे फुटते. संवत्सरीला शेकडो जणांना क्षमापनेचे निरोप जातात. ज्याच्याशी खरी अढी आहे, त्याच्याशी मात्र बोलणे होत नाही. ते बोलणे कठीण असते, जेडसारखे हळूहळूच झिजते. पण वहीतील ती जुनी नोंद समोरासमोर बसून उघडल्यावाचून पाण्याला वाट मिळत नाही.

यू लोककार्यासाठी स्वतःच्या दारावरून पुढे गेला. आपण भावाच्या दारावरून कशासाठी पुढे जातो, याचा विचार या पर्युषणापूर्वी अवश्य व्हावा.

जय जिनेंद्र.