शाहिराची कीर्ती कुणाच्या मालकीची?

गाणाऱ्याने गावे, राजकारण राजकारण्यांवर सोडावे आणि श्रद्धा आपल्या घरात ठेवावी, हा उपदेश हल्ली फार शहाणपणाचा समजला जातो. भीमजयंतीच्या मंचावर एखादा गायक दोन गाण्यांच्या मध्ये अत्याचाराच्या घटनेवर बोलला, शिष्यवृत्तीच्या थकलेल्या पैशांवर बोलला, की लगेच शेरा येतो: हे सगळे प्रसिद्धीसाठी चालले आहे. हा शेरा मारणाऱ्यांच्या मनात कीर्ती, श्रद्धा आणि चळवळ असे तीन वेगळे कप्पे असतात आणि कलावंताने ते एकमेकांत मिसळू नयेत अशी त्यांची अपेक्षा असते. माझे म्हणणे असे की पाश्चात्त्य रॉक गायकाच्या बाबतीत या आक्षेपात काही तथ्य असेल, पण मराठी शाहिराला तो मुळातच लागू होत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकाचा इतिहास समोर ठेवला तर हे लख्ख दिसते. १८५७ साली इथल्या छावणीतल्या हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाने बंड केले, पकडलेल्या शिपायांना काळ्या चबुतऱ्यापाशी देहदंड दिला गेला, आणि त्या आठवणीने या चौकाला हे नाव मिळाले. आज शहरातला मोर्चा विभागीय आयुक्तालयाकडे निघतो तो बहुधा इथून, आणि भीमजयंतीची मिरवणूक भडकल गेटच्या दिशेने सरकते तीही इथूनच. या रस्त्यावर ज्याचा आवाज मोठा झाला त्याला रस्त्याचे प्रश्न टाळ म्हणणे हा त्या आवाजाच्या जन्माविषयीचाच गैरसमज आहे.

आक्षेपकांच्या डोळ्यांपुढे नमुना असतो तो बोनोसारख्या गायकाचा, म्हणून आधी त्याच्याकडे नीट पाहू. डब्लिनमध्ये कॅथलिक बाप आणि प्रॉटेस्टंट आईच्या पोटी जन्मलेल्या या माणसाच्या आयुष्यात श्रद्धा आणि कीर्ती यांचा झगडा खरा होता. १९८१च्या सुमारास तो आणि यू-टू या रॉक वाद्यवृंदातले त्याचे दोन साथीदार 'शलोम' नावाच्या ख्रिस्ती मंडळीत इतके गुंतले होते की वाद्यवृंदच सोडावा का, इथपर्यंत गोष्ट आली होती. १९८५च्या लाइव्ह एड मैफलीनंतर तो पत्नीसह इथिओपियातल्या छावणीत काम करायला गेला, पुढे गरीब देशांच्या कर्जमाफीसाठी राष्ट्रप्रमुखांचे उंबरठे झिजवले, आणि २०२२ साली आलेल्या आत्मचरित्रात या साऱ्याबद्दल मोकळेपणाने लिहिले. त्याच्या हेतूवर मला शंका घ्यायची नाही. पण क्रम पाहा. कीर्ती आधी आली, ती तिकिटांतून आणि तबकड्यांतून आली. मग ती त्याने दुसऱ्यांच्या दुःखाच्या कामी लावली. ज्यांच्यासाठी लावली त्या आफ्रिकेतल्या माणसांना त्याला जाब विचारण्याची सोय नव्हती. आयर्लंडने कलावंतांच्या करसवलतीला मर्यादा घातल्यावर २००६ साली यू-टूने आपल्या व्यवसायाचा काही भाग नेदरलँड्समध्ये हलवला, तेव्हा टीका झाली ती कीर्ती आणि जबाबदारी यांच्यातल्या याच भेगेवर बोट ठेवून.

शाहिराच्या बाबतीत हा क्रम उलटा आहे. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा बाज उचलला आणि त्यात जोतीराव फुल्यांचा विचार भरला. १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. ज्या वस्तीत वर्तमानपत्र पोचत नव्हते आणि पोचले तरी वाचणारा नव्हता, तिथे चवदार तळे आणि काळाराम मंदिर पोचले ते ढोलकीवर आणि पेटीवर. वामनदादा कर्डक हे याच परंपरेतले सर्वांत मोठे नाव. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्म, मुंबईत गिरणीत आणि मिळेल तिथे मजुरी, अक्षरओळख झाली तीही तरुणपणी. १९४३च्या सुमारास लिहू लागलेल्या या माणसाने पुढची सहा दशके हजारो गाणी रचली. ती चैत्यभूमीवर, दीक्षाभूमीवर छोट्या पुस्तिकांतून विकली गेली आणि गावोगावच्या गायन पार्ट्यांच्या तोंडी बसली. चळवळ नसती तर वामनदादांना श्रोता नव्हता, मंच नव्हता, बहुधा अक्षरही नव्हते. अशा माणसाने प्रसिद्धी वापरून चळवळ केली असे म्हणताच येत नाही. प्रसिद्धीच चळवळीने दिली.

हे देणे किती रोखठोक असते ते जयंतीच्या रात्री गायन पार्टीच्या मंचाखाली दिसते. पार्टीला सुपारी मिळते ती मंडळाच्या वर्गणीतून, म्हणजे घराघरांतून मागून आणलेल्या पैशातून. गाणे रंगात आले की कुणी उठून मंचापाशी जातो, नोट पुढे करतो. गायक कडवे थांबवतो, देणाऱ्याचे नाव, वस्तीचे नाव आणि रक्कम माइकवरून पुकारतो, जयभीम म्हणतो आणि पुन्हा सूर धरतो. गाणे फिके पडले, किंवा बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रातला एखादा तपशील चुकला, तर त्याच मंचाखालून तितक्याच मोठ्याने दुरुस्ती येते. समोरासमोरची ही जबाबदारी रॉक मैफलीच्या वेम्ब्लीसारख्या मैदानात शक्य नाही.

छत्रपती संभाजीनगरने तर गाण्याचा आणि लढ्याचा संबंध सोळा वर्षे अनुभवला. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. दलित वस्त्या जळाल्या, नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंची हत्या झाली. १९७९ साली नागपूरहून जोगेंद्र कवाडे यांचा लाँग मार्च तेव्हा औरंगाबाद म्हटल्या जाणाऱ्या याच शहराच्या दिशेने निघाला. विद्यापीठाचा नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या काळात सरकारे बदलली, नेते फुटले, संघटनांची शकले झाली. तरीही मागणी विझली नाही, कारण ती गाण्यांतून घरोघरी जिवंत राहिली. जी पोरे १९७८ साली पाळण्यात होती ती याच गाण्यांवर वाढून विद्यापीठात दाखल झाली. आजही १४ जानेवारीला विद्यापीठाच्या दारात पुस्तकांचे ठेले आणि गायनाचे मंच शेजारीशेजारी लागतात.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा. श्रद्धा खासगी असावी, हे वाक्य वरवर उदार वाटते. पण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंच्या साक्षीने घेतलेली धम्मदीक्षा खासगी नव्हती आणि असूही शकत नव्हती. ज्या धर्माने माणसाला उघड्यावर अपमानित केले, तो सोडायचा तर उघड्यावरच सोडावा लागतो. म्हणून शाहिराच्या गाण्यात बुद्ध येतो तो जाहीर निर्णयाची आठवण म्हणून, आणि तो मंचावरून उतरवा असे म्हणणे म्हणजे तो निर्णय चार भिंतींत कोंडा असे म्हणणे आहे. इथे चळवळीच्या आतून एक उलट आणि जास्त अवघड प्रश्न येतो: प्रल्हाद शिंदे भीमगीते गात होते, मग त्यांनी विठ्ठलाची आणि गणपतीची गाणी का गायली? धम्मदीक्षेतल्या बावीस प्रतिज्ञांशी हे जुळते का? प्रश्न रास्त आहे, तो दडपू नये. पण उत्तर देताना गायकाचे पोट आणि गळा दोन्ही लक्षात घ्यावे लागतात. ध्वनिमुद्रिका काढणाऱ्यांना बाजारात भक्तिगीत हवे होते, आणि गळा तर कीर्तन, कव्वाली, लोकगीत या सगळ्यांतून घडला होता. शाहीर विठ्ठल उमपांनी द्रौपदीचे जांभूळ आख्यान गाजवले, गोंधळ-भारूड गायले, आणि २६ नोव्हेंबर २०१० रोजी दीक्षाभूमीच्या मंचावरच ते कोसळले व गेले. त्यांची निष्ठा कोणत्या बाजूला होती याबद्दल कुणाच्या मनात संशय उरला? परंपरेचा साज वापरणे आणि परंपरेपुढे मान तुकवणे यांतला फरक ऐकणाऱ्याला कळतो. न कळणारा बहुतेक वेळा ऐकतच नसतो.

प्रचारकी म्हणजे कमअस्सल, या जुन्या आरोपावर फार शब्द खर्चायची गरज नाही. बार्शीच्या मेहबूब हुसेन पटेलने, म्हणजे अमर शेखांनी, संयुक्त महाराष्ट्राचा प्रचारच केला आणि अण्णा भाऊ साठेंनी लाल बावट्याचा. त्या काळी निव्वळ कलेसाठी गायली गेलेली कितीतरी पदे आज कुणाला आठवत नाहीत. वामनदादांचे टाटा-बिर्लांच्या संपत्तीतला आमचा वाटा मागणारे गाणे कवीचे नाव ठाऊक नसलेली माणसेही गातात. गाणे कवीच्या नावाशिवाय चालू लागते तेव्हा त्याच्या कलागुणाचा आणखी पुरावा मागू नये.

गंभीर आक्षेप उरतो तो सत्तेच्या मोहाचा. शाहीर पक्षाच्या मंचावर जातो, आमदारकीच्या यादीत त्याचे नाव येते. २०२० साली विधान परिषदेच्या राज्यपालनियुक्त जागांसाठी पाठवलेल्या बारा नावांत गायक आनंद शिंदे यांचे नाव होते. मग चळवळ ही शिडीच नव्हे का? शिडी असती तर तिच्यावरून पडणाऱ्यांची यादी इतकी लांब नसती. अण्णा भाऊ १९६९ साली गोरेगावात हलाखीत गेले. जुलै १९९७मध्ये मुंबईच्या रमाबाई नगरातल्या पोलीस गोळीबारात दहा जण मारले गेले आणि त्या धक्क्यात चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपवले. मार्क्सवादी म्हणून ओळखल्या गेलेल्या या माणसाने शेवटी भिंतीवर आंबेडकरी एकजुटीचा जयघोष लिहिला होता. शाहीर शीतल साठे आणि सचिन माळी माओवाद्यांशी संबंधांचे आरोप नाकारत २ एप्रिल २०१३ रोजी विधानभवनासमोर पोलिसांच्या स्वाधीन झाले. गर्भवती शीतलला जून २०१३मध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला, सचिन २०१७पर्यंत आत राहिला. प्रसिद्धीसाठी माणूस सोपे रस्ते शोधतो, हा रस्ता नव्हे. तरीही विधान परिषदेत जाऊ इच्छिणाऱ्या शाहिराला वस्तीने विचारलेच पाहिजे: आमच्या टाळ्यांच्या बळावर तू तिथे चाललास, तर वसतिगृहाच्या आणि शिष्यवृत्तीच्या प्रश्नावर तिथे काय बोलणार? हा प्रश्न विचारायचा हक्क श्रोत्याचा आहे, कारण भांडवल त्याचे आहे. गायकाने राजकारणात पडूच नये म्हणणारे मात्र श्रोत्याचा हा हक्कही काढून घेतात.

शेवटी कुणी म्हणेल, हा सगळा इतिहास झाला. ९ ऑगस्ट २०१६ रोजी याच क्रांती चौकातून पहिला मराठा क्रांती मोर्चा निघाला तो मूक होता. प्रचंड जनसमुदाय एकही घोषणा, एकही गाणे न करता चालला. म्हणजे शाहिराशिवाय चळवळ होते. होते, ज्यांच्याकडे निरोप पोचवण्याची इतर साधने असतात त्यांची होते. मोबाइल, वर्तमानपत्र, गावातली संस्था, कारखाना. ज्यांच्याकडे यांतले फारसे काही नाही त्यांना मौन परवडत नाही. धोका मूक मोर्चाचा नाहीच, तो डीजेचा आहे. वर्गणीतले पैसे भाड्याच्या भिंतीएवढ्या स्पीकरवर जातात आणि गायन पार्टीच्या सुपारीला काही उरत नाही. ध्वनिमुद्रित गाणे थांबवून कुणाचे नाव पुकारता येत नाही, चुकलेला तपशील दुरुस्त करता येत नाही, गेल्या आठवड्यातल्या अत्याचारावर नवे कडवे रचता येत नाही. शहरातल्या मंडळांनी येत्या १४ एप्रिलच्या हिशोबात एका जिवंत शाहिराची सुपारी आधी लिहावी आणि स्पीकरचे भाडे तिच्यानंतर.