दिवस राहण्याआधीच्या दिवसांचे काय?

प्रति,
मा. प्रधान सचिव,
सार्वजनिक आरोग्य विभाग, मंत्रालय, मुंबई

महोदय,

आपल्या विभागाला बाई दिसते ती गरोदर झाल्यावर. नोंदणी होऊन कार्ड हाती आले की मातृवंदना योजनेचे हप्ते, आदिवासी भागात अमृत आहाराचे ताट, लोहाच्या गोळ्या असे सगळे सुरू होते. त्याबद्दल तक्रार नाही, तक्रार तारखेची आहे. फॉलिक ॲसिड जिच्यासाठी लागते ती गर्भाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भधारणेनंतर 28 दिवसांत मिटते. पाळीच्या हिशेबाने तो सहावा आठवडा, म्हणजे पाळी चुकून जेमतेम पंधरवडा. आपले उद्दिष्ट मात्र 12 आठवड्यांच्या आत नोंदणीचे. अकराव्या आठवड्यात नोंदलेली बाई आपल्या अहवालात ‘वेळेत’ आणि फॉलिक ॲसिडच्या हिशेबाने पाच आठवडे उशिरा! ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची चाचणी 1991 मध्ये प्रसिद्ध झाली. आधी ही नळी नीट न मिटण्याचा दोष असलेले मूल झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड दिल्यावर तो पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण 72 टक्क्यांनी घटले. ॲनिमियामुक्त भारतच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनाही गर्भधारणेआधीपासून रोज 400 मायक्रोग्रॅम घ्या, असेच सांगतात. पण त्याच कार्यक्रमात गरोदर नसलेल्या बाईसाठी ठरलेली नेमाची गोळी कोणती? आठवड्याला एक, लाल, साखरेचे आवरण असलेली, 60 मिलिग्रॅम लोहाची आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची. साताने भागा, रोजचे 71 येतात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याच्या गोळीत 2800 सांगते. राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या रक्तक्षयी स्त्रिया चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 48 टक्के होत्या, पाचव्या पाहणीत (2019-21) त्या 54.2 टक्के झाल्या. या प्रगतीबद्दल विभागाचे अभिनंदन करावे की कसे, ते आपणच कळवावे.

प्रश्न एका गोळीपुरता नाही. मूल राहावे म्हणून काय खावे, या प्रश्नाचे उत्तर सरकारी दवाखान्यात मिळत नाही, म्हणून ते पावडरीच्या डब्यांवर शोधले जाते. खरे उत्तर साधे आणि थोडे निराश करणारे आहे. अमेरिकेत 17,544 परिचारिकांचा आठ वर्षे मागोवा घेतला गेला. ट्रान्स फॅट कमी, डाळी-कडधान्यांतली प्रथिने जास्त आणि लोहाची जोड, असा आहार असणाऱ्यांत बीज वेळेवर न सुटल्याने येणारे वंध्यत्व बरेच कमी दिसले. हा 2007 चा अभ्यास निरीक्षणाचा आहे, आहारामुळेच तसे झाले हे त्यातून सिद्ध होत नाही. पण पीसीओएस असलेल्या जाड बाईचे वजन पाच-दहा टक्के उतरले तरी पाळी मार्गावर येऊ शकते, हे स्त्रीरोगतज्ज्ञ रोज सांगतात. त्याच पाचव्या पाहणीत राज्यातल्या 20.8 टक्के स्त्रिया कृश आणि 23.4 टक्के जादा वजनाच्या किंवा स्थूल होत्या. दोघींना एकच पत्रक कसे चालेल?

आक्षेप येईल की मेथी खाऊन बंद नळ्या उघडत नाहीत. नाहीच उघडत, आणि वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर (पस्तिशीनंतर सहा महिन्यांत) दोघांची तपासणीच हवी. दोघांची, कारण निम्म्याच्या आसपास प्रकरणांत पुरुषाकडचे कारणही असते आणि आपल्या पत्रकांवरचे चित्र मात्र नेहमी बाईचे. त्याच्यासाठी विकल्या जाणाऱ्या झिंक-फॉलिकच्या गोळ्यांचे म्हणाल, तर 2,370 जोडप्यांवरची चाचणी 2020 मध्ये प्रसिद्ध झाली. वीर्यात सुधारणा नाही, मुले जास्त जन्मली नाहीत. तंबाखू सोडणे फुकट आहे, म्हणून त्याची जाहिरात कोणी करत नाही.

दुसरा आक्षेप पैशांचा. त्याचे उत्तर रोजच्या खाण्यातच आहे. मुंबईच्या वस्त्यांत 2006 पासून साडेसहा हजारांवर स्त्रियांना गर्भधारणेआधीपासून रोज एक खाऊ दिला गेला. एका गटाला पालेभाजी, फळे आणि दुधाचा, दुसऱ्याला कांदा-बटाट्यासारख्या भाज्यांचा. (आमच्या लासलगावच्या नाशिक जिल्ह्यात हे सांगताना जीभ चाचरते, पण कांदा हरला.) सरसकट पाहिले तर बाळांच्या वजनात फरक नव्हता. पण तीन महिने आधीपासून खाणाऱ्यांची बाळे सरासरी 48 ग्रॅमने जड निघाली. गरोदरपणातला मधुमेह कांदा-बटाट्याच्या गटात 12.4 टक्के, तर पालेभाजीच्या गटात 7.3 टक्के होता. फरक पाडला तो ‘आधीपासून’ या शब्दाने. पेठ-सुरगाण्यात नागली पिकते, दारात शेवगा आहे. भाकरी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, वर लिंबू पिळलेले, आणि जेवणाला लागून घेतला जाणारा चहा तासभर पुढे ढकललेला, याला निविदा काढावी लागत नाही. लागते ते वेळेत सांगणारे माणूस, आणि घरात सगळ्यांच्या शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात ती भाजी उरणे.

आता म्हणाल, नोंदणीआधी बाई सापडणार कुठे? आशाताईंच्या पात्र जोडप्यांच्या नोंदवहीत. पाळणा लांबवण्यासाठी ही यादी आपल्याला बरोबर सापडते. गर्भधारणापूर्व काळजीचा प्रयोग याच नाशिक जिल्ह्यात, पेठ आणि सिन्नर तालुक्यांत, होऊन गेला आहे. त्यामुळे ‘अभ्यास करू’ हे उत्तर कृपया पाठवू नये.

त्या नोंदवहीत एक रकाना वाढवा: मूल हवे आहे का, कधी? उत्तर ‘यंदा’ असेल तर त्याच दिवशी तिला 400 मायक्रोग्रॅमची रोजची गोळी, तिचे हिमोग्लोबिन, दोघांचे वजन आणि खाण्यापिण्याविषयी दहा मिनिटे. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते. रकाना त्याआधी यावा.

आपली,
एक करदाती, नाशिक